एका प्रार्थनेएवढा वेळ

“एक प्रार्थना पुरी होईपर्यंत हलवायचं नाही. हात स्वस्थ ठेव. मासा येईल की नाही, ते त्याचं तो बघेल.”

मित्रांनो, हा आवाज व्हर्नाचा. मी एक जुनी, बारीक गळकाठी आहे, आणि माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. मिसूरीतल्या ओझार्क टेकड्यांत एक मोठं, नितळ तळं आहे. त्याच्या काठच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीवर माझं आयुष्य गेलं. तळ्याचं पाणी इतकं स्वच्छ, की तिथला बास मासा वरून पडणारी प्रत्येक गोष्ट नीट निरखून पाहतो आणि फसत नाही. अशा चोखंदळ माशासाठीच माझा जन्म झाला.

मी कारखान्यातून आले ती नुसती एक काळी, पोकळ छडी म्हणून, कागदाच्या लांब नळीत गुंडाळून. मला काठी केलं ते व्हर्नानं. ती शाळेची बस चालवत असे. त्या वर्षी बर्फामुळे शाळा वारंवार बंद राहिली आणि तिला सवड मिळाली. जेवणाच्या टेबलावर बुटांच्या खोक्याला दोन खाचा पाडून तिनं मला त्यावर आडवं ठेवलं. बुचाची मूठ बसवली. दोरा ओवायच्या कड्या एकेक करून हिरव्या धाग्यानं माझ्या अंगाला बांधल्या. मग वर रोगण चढवलं. रोगण वाळेपर्यंत एका बाजूला ओघळू नये म्हणून मला सारखं वळवावं लागे. व्हर्ना बायबल उघडून बसे. एक स्तोत्र वाचून झालं की मला पाव फेरा वळवी, मग पुढचं स्तोत्र. अशी मी वाळले. मुठीपुढच्या पहिल्याच कडीला एक वेढा तिच्याकडून तिरका बसला होता. तिनं तो पाहिला, बोट फिरवलं आणि म्हणाली, “असू दे. तुला ओळखायला बरं.”

माझं काम फार हळुवार. दोरा केसासारखा बारीक. त्याच्या टोकाला अळंबीच्या टोपीसारखं इवलंसं शिसं, त्यातच गळ, आणि गळावर करंगळीएवढं रबराचं गांडूळ. हे पाण्यात टाकायचं आणि तळाशी जाऊ द्यायचं. मग काहीच करायचं नाही. हे काहीच न करणं भल्याभल्यांना जमत नाही. व्हर्नानं त्याला माप लावून घेतलं होतं. आमिष तळाला टेकलं की ती मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणे, एकही शब्द न गाळता. ‘आमेन’ झालं की मनगट किंचित उचलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी न्याहारीआधी अशा बारा प्रार्थना, हा तिचा नेम. मासा लागला तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात. नाही लागला तरी नेम पुरा.

तिच्या नवऱ्याला, हॉलिसला, या सगळ्याचं हसू येई. हॉलिस दगडी चुली आणि भिंती बांधणारा गवंडी. त्याचं सगळंच दणदणीत. गॅरेजमध्ये त्याच्या आठ जाड काठ्या रांगेत उभ्या असत. शनिवारी तो आणि त्याचा जोडीदार डेव्ही मोटारबोट घेऊन स्पर्धेला जात. “हिसका असा द्यावा,” हॉलिस सांगे, “की माशाला स्वतःच्या तळ्याचं नाव आठवता कामा नये!” मला तो ‘विणायची सुई’ म्हणे. येताजाता विचारी, “काय व्हर्ना, आज स्वेटर की मोजे?” व्हर्ना हसून मला पुसून ठेवी. मला मात्र वाईट वाटे, खोटं कशाला सांगू!

एका वसंतातल्या स्पर्धेत हॉलिसनं असाच एक हिसका दिला. गळ माशात नव्हता, पाण्यातल्या ओंडक्यात होता. ओंडका हलला नाही, पण हॉलिसचा खांदा आतून फाटला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जाड काठी आता विसरा. हॉलिसनं मासेच विसरायचं ठरवलं. बोटीवर ताडपत्री चढली. तो खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर पाण्याकडे बघत बसे आणि पुढ्यातल्या कॉफीवर साय धरे. असा हिवाळा सरला. घरात तो गडगडाटी आवाज नव्हता. खरं सांगते, मला त्याच्या चेष्टेचीसुद्धा आठवण येऊ लागली.

एप्रिलमध्ये एका सकाळी व्हर्नानं मला त्याच्या खुर्चीला टेकवून उभं केलं.

“ही सुई आहे,” तो म्हणाला.

“मग शिवून बघ.”

तो आला तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर, पण फुरंगटूनच. आमिष तळाला टेकलं न टेकलं तोच त्यानं मोठ्यानं ‘आमेन’ म्हटलं.

“झाली प्रार्थना?” व्हर्नानं विचारलं.

“झाली.”

“लिलावात बोली पुकारतात तशी भरभर? देवाला तरी कळलं का तू काय मागितलंस?”

तेवढ्यात माझ्या टोकाला भार जाणवला. मित्रांनो, असा मासा धक्का देत नाही. दोऱ्याला ओलं पान चिकटावं तसा नुसता जडपणा येतो. तेव्हा फक्त दोरा गुंडाळायचं रीळ फिरवत हलकेच उचलायचं असतं. पण हॉलिसच्या अंगात चाळीस वर्षांची सवय. त्यानं दुसऱ्या, चांगल्या हातानं जोरात हिसका दिला. माझ्या टोकापासून मुठीपर्यंत कळ गेली आणि दोरा तुटला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. व्हर्ना कधी रागवत नसे, पण त्या दिवशी पाण्याकडे बघून म्हणाली, “तीन माशांच्या ओठांत तुझा गळ राहिला, हॉलिस.”

“मग मी काय करू? हात गेला, आता अक्कलही गेली म्हण!” त्यानं मला धक्क्याच्या फळ्यांवर आपटलं आणि तो घरात निघून गेला. माझी टोकाजवळची एक कडी पार वाकली.

मी कित्येक आठवडे गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होते. माझ्या मुठीवर कोळ्यानं जाळं विणलं. ती आठ जाड काठ्यांची रांगही तशीच धूळ खात होती. आता आम्ही सारख्याच.

मग एक दिवस व्हर्नानं मला उचललं, नवी कडी बांधली, आणि ती मला तळ्यावर न नेता अंगणात घेऊन गेली. हॉलिसला तिनं पायरीवर बसवलं आणि मला त्याच्या हातात दिलं. दोऱ्याचं टोक स्वतःच्या चिमटीत धरून ती गवतातून वीस पावलं लांब गेली.

“डोळे मीट,” ती म्हणाली. “मी दोरा दाबला की सांग.”

“लोक बघतील.”

“बघू देत. मीट डोळे.”

त्यानं डोळे मिटले. व्हर्नानं चिमूट जराशी दाबली. त्याच्या तळव्याला काहीच कळलं नाही. तिनं पुन्हा दाबली. कितीतरी वेळ असंच चाललं. माझ्याकडून होईल तेवढं मी तिच्या बोटांचं सांगणं त्याच्या तळव्यात पोचवत होते. त्याचं बोट चाचपडत पुढे आलं, त्या तिरक्या वेढ्यावर थांबलं आणि तो एकदम म्हणाला, “आता!”

“बरोबर. पुन्हा.”

“आता... आता नाही... आता!”

“आता मी जड होते. हिसका देऊ नकोस. रीळ फिरव आणि मला तुझ्याकडे आण. दोरा तुटला तर मी इथेच उभी राहीन, रात्रीचं जेवण तू कर!”

तो हळूहळू रीळ फिरवू लागला. दोरा ताठ राहील एवढ्याच बेतानं ती एकेक पाऊल त्याच्याकडे चालत आली. नेमका त्याच वेळी डेव्ही आपला ट्रक घेऊन रस्त्यानं चालला होता. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय रे हॉलिस! बायकोच गळाला लावलीस?”

“लागली होती केव्हाच!” हॉलिस डोळे मिटूनच ओरडला. “चाळीस वर्षं झाली, अजून काठाला येतेय!”

व्हर्ना इतकी हसली की दोरा तिच्या हातून सुटला. कित्येक महिन्यांनी त्या अंगणात हॉलिसचा तो जुना आवाज घुमला होता.

त्यानंतर आठवडाभरानं, धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं तेव्हा, हॉलिसनं धक्क्यावर पहिली पुरी प्रार्थना म्हटली. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. शेवटच्या ओळीशी आला असेल नसेल, तोच ते ओलं पान दोऱ्याला चिकटलं. त्याचा खांदा सवयीनं ताठरला. मी मनात म्हटलं, संपलं! पण त्यानं श्वास सोडला आणि नुसतं रीळ फिरवलं, जणू पलीकडून व्हर्नाच गवतातून चालत येत होती. मी वाकले, थरथरले, पण दोरा टिकला. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा मासा होता तो. हॉलिसनं हात ओला करून त्याला सोडवला, पाण्यात धरला आणि जाऊ दिला. मग त्याला आठवलं आणि तो हळूच म्हणाला, “आमेन.”

व्हर्ना त्याच्याशेजारी फळीवर बसली. म्हणाली, “आता ही तुझी. पण एक वचन दे. पुढे कुणाचा हात असा हरवला, तर ही त्याच्याकडे जाईल. आणि त्याला हसायचं नाही.”

“दिलं,” हॉलिस म्हणाला. त्या क्षणी त्यानं काहीही दिलं असतं.

पुढची दोन वर्षं माझ्या सुखाची. हॉलिस मला रोज फडक्यानं पुसे, उन्हात ठेवत नसे, दुकानात अनोळखी लोकांना माझं कौतुक सांगे. त्याचा माझ्यावर इतका विश्वास बसला, की दुसरी काठी हातात घ्यायलाही तो तयार होईना. “ही नसली तर मी पुन्हा शून्य,” तो म्हणे. एकच गोष्ट त्याला कधी जमली नाही. आमिष जागच्या जागी ठेवून माझं टोक नुसतं थरथरवायचं, म्हणजे रबराचं गांडूळ तळाशी जिवंत असल्यासारखं नाचतं. हॉलिसचा हात गवंड्याचा. तो थरथरवायला जाई आणि मी उडी मारी.

आणि मग एका रविवारी दोघं चर्चमधून परतली ती उतरल्या चेहऱ्यानं. त्यांच्या तुटक बोलण्यातून काय झालं ते मला खुंटीवर कळलं. चर्चमध्ये न्याहारीला सगळे जमले होते. डेव्हीच्या हाताला हल्ली कंप सुटला होता. त्याचा कप बशीवर खडखड वाजू लागला, तेव्हा हॉलिस जुन्या सवयीनं बोलून गेला, “काय डेव्ही, कपात मासा लागलाय की काय?” सगळे हसले. डेव्हीही हसला, कप खाली ठेवला आणि कॉफी न पिता उठून गेला.

नंतरच्या रविवारी डेव्ही आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्या बोटीवर ताडपत्री चढल्याचं कुणीतरी सांगितलं. व्हर्नानं हॉलिसला एका शब्दानं विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून सकाळी हॉलिसशेजारी बसून बारा प्रार्थना झाल्या की ती एक तेरावी म्हणू लागली, आणि ती कुणासाठी ते हॉलिसला कळत होतं.

तो मला पुसायचा आणि पुसतच राहायचा. एकदा जेवताना त्यानं ताटात बघत विचारलं, “तू दुसरी काठी बनवशील?”

“बनवीन,” व्हर्ना म्हणाली. “आधी खुंटी रिकामी होऊ दे.”

“आणि दुसरीनं मला मासा लागलाच नाही तर?”

व्हर्नानं मक्याच्या पावाचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. “त्या दिवशी अंगणात,” ती म्हणाली, “दोऱ्याच्या पलीकडे मासा कुठे होता? शिकला तो तुझा हात.”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी बारीक, साधी वस्तू असेल. तिला पुसून ठेवा, जागेवर ठेवा, रागाच्या भरात आपटू नका. आमच्या कड्या पुन्हा बांधता येतात. पण एखाद्याचा हात थरथरताना दिसला आणि तुमच्या तोंडाशी विनोद आला, तर जरा थांबा. एका प्रार्थनेएवढा वेळ थांबा. एवढंच माझं मागणं आहे.

आज सकाळी हॉलिसनं मला खुंटीवरून काढलं. नवा दोरा भरला. रबराची पाच गांडुळं कागदाच्या पुडीत बांधली. व्हर्नानं शिवलेल्या जुन्या फ्लॅनेलच्या खोळीत मला घातलं. खोळ मुठीशी मात्र उघडी ठेवली. ट्रकची किल्ली त्यानं हातात घेतली आणि परत खिळ्याला अडकवली.

“चालतच जातो,” तो म्हणाला. “काय बोलायचं ते अजून ठरत नाहीय.”

“आधी चुकलो म्हण,” व्हर्ना म्हणाली. “मग माझ्याच्यानं ते थरथरवणं होत नाही, तू दाखव, असं म्हण. खरंच आहे ते.”

हॉलिस दारात थबकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रुंद, जड हाताकडे. डेव्हीच्या थरथरत्या हाताला ते आपसूक जमेल, हे त्याला आत्ता उमगलं असावं.

तो पायऱ्या उतरला. खडीच्या रस्त्यावर त्याची पावलं हळू पडत होती. त्याचं बोट मुठीपुढच्या त्या तिरक्या वेढ्यावर होतं आणि ओठ सावकाश हलत होते, एकही शब्द न गाळता. वळणापलीकडे, देवदारांच्या आड, डेव्हीच्या घराचं छप्पर दिसू लागलं होतं.