लोकांसमोर बोलणे: सक्तीचा विषय

विद्यापीठाचं ते पत्र आलं तेव्हा आजोबांनी ते दोनदा वाचलं, त्यातली एक चूक पेन्सिलीने दुरुस्त केली आणि पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर पाठवायचं राहिलं. राहिलं कसलं, राहू दिलं. पहिल्या वर्षी ते ‘उद्या लिहू’ म्हणत होते. दुसऱ्या वर्षी ‘आता इतक्या उशिरा लिहिणं बरं दिसत नाही’ म्हणू लागले. भित्रेपणाला सभ्यपणाचा सदरा चढवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

पत्र साधं होतं. ज्यांची पदवी एका सर्वसाधारण विषयापायी अडली आहे, अशा जुन्या विद्यार्थ्यांनी तो विषय आता पुरा करावा, वयाची अट नाही, इच्छा असल्यास कळवावं. सर्वसाधारण विषय म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे, पण केल्यावाचून सुटका नसलेले. शास्त्रवाल्यांना साहित्य, साहित्यवाल्यांना आकडेमोड, आणि शाखा कोणतीही असो, सगळ्यांना ‘लोकांसमोर बोलणे’. आजोबांचं घोडं तिथेच पेंड खात होतं. तरुणपणी ते त्या तासाला वर्गापुढे उभे राहिले, ‘मित्रहो’ म्हणाले, आणि पाणी पिऊन येतो म्हणून जे बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. बाकीचे सगळे विषय पहिल्या वर्गात सुटले. पदवी मात्र त्या एका शब्दावर अडकून बसली.

पुढे नोकरी लागली तीही त्याच विद्यापीठाच्या छापखान्यात, मुद्रितं तपासायची. अभ्यासक्रमांची माहितीपुस्तिका दरवर्षी त्यांच्याच हाताखालून जायची. ‘हा विषय उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळणार नाही’ हे वाक्य त्यांनी जन्मभर तपासलं आणि त्यात कधी चूक म्हणून सापडली नाही. बोलताना ते मध्येच थांबत आणि त्यांचं वाक्य दुसराच कोणीतरी पुरं करी, म्हणून छापखान्यात त्यांचं नाव पडलं होतं ‘स्वल्पविराम’.

निवृत्तीनंतर गल्लीतली मुलं विचारायला येऊ लागली, कोणता विषय घ्यावा, कोणता टाळावा. आजोबा नियमाचं पोटकलमसुद्धा तोंडपाठ सांगत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त हे पाषाण असल्याचं आजीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यांची नात साहित्य शिकायला म्हणून कॉलेजात गेली आणि सक्तीच्या संख्याशास्त्राला जाऊन धडकली. एका संध्याकाळी तिने दप्तर खुर्चीवर आपटलं. “मी कॉलेज सोडतेय.”

“हात धू आधी,” आजी म्हणाली. “मग सोड.”

“मला कविता वाचायच्यात, आजी! पिशवीतून लाल चेंडू निघायची शक्यता किती, याच्याशी माझा काय संबंध? आज सरांनी फळ्यापाशी बोलावलं. हातात खडू, डोक्यात भोपळा. सगळा वर्ग हसला. नाव काढून घ्यायला आठवडाअखेरपर्यंत मुदत आहे. घेणार मी काढून.”

ही पोरगी घराण्याचा वारसा चालवायला निघाली होती. आजोबा घसा खाकरून म्हणाले, “अगं, सर्वसाधारण शिक्षण म्हणजे अडथळा नव्हे. आपल्या विषयाच्या भिंतीला पाडलेली ती एक खिडकी असून...”

“हे माहितीपुस्तिकेतलं आहे.”

“प्रस्तावनेतलं,” आजोबा बोलून गेले आणि ओशाळले.

“बरं, मग तुम्ही काय केलंत सर्वसाधारणला?”

आजोबांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर आजीने दिलं. “त्यांनी? ते पाणी प्याले. अजून पिताहेत.” आणि मग तिने शब्दकोशातल्या पत्रासकट सगळं सांगून टाकलं.

नात हसली नाही, हे आजोबांना जास्त लागलं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही पळालात आणि मला सांगताय उभी राहा?”

“मी... तसं...”

“ठरलं मग. रविवारी तुम्ही आमच्यापुढे उभं राहून बोला आणि त्या पत्राला उत्तर द्या. मी फळ्यापाशी जाईन. नाहीतर दोघं मिळून पाणी पिऊ.”

आजोबांनी भाषण लिहायला घेतलं. पाच पानं झाली. मग तपासायला बसले. या वाक्याची खात्री नाही, काट. हे विधान जरा धाडसाचं, काट. हा विनोद कोणाला लागेल, काट. रविवारपर्यंत अर्धं पान उरलं आणि त्यातही निम्मी दिलगिरी होती.

जेवणाच्या टेबलाशी नात आणि आजी बसल्या. शेजारचे शिंपीकाका आजोबांची आखूड केलेली पँट द्यायला आले होते, त्यांनाही आजीने बसवून घेतलं. आजोबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, कागद डोळ्यांपुढे आणला आणि सुरुवात केली.

“मित्रहो उद्गारचिन्ह आज मी स्वल्पविराम आपल्यासमोर स्वल्पविराम...”

छापखान्यात मुद्रित तपासायला दोघं बसतात. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, चिन्हांसकट, म्हणजे समोरच्याला सुटलेलं चिन्ह कळतं. मोठ्याने वाचायची दुसरी रीत आजोबांच्या जिभेला माहीतच नव्हती.

“...अवतरण सुरू शिक्षण म्हणजे खिडकी अवतरण पूर्ण पूर्णविराम नवा परिच्छेद...”

नातीने आधी ओठ दाबले, मग टेबलावर डोकं ठेवलं. आजीला ठसका लागला. शिंपीकाका मात्र गंभीरपणे मान डोलावत होते. त्यांना वाटलं, शिकलेल्यांची भाषणं अशीच असतात.

आपण काय करतोय ते आजोबांच्या ध्यानात आलं आणि त्यांची दातखीळ बसली. पाय आपोआप दाराकडे वळले.

“पाणी इथेच आहे,” आजी म्हणाली. पेला तिने आधीच टेबलावर झाकून ठेवला होता. “बाहेर जायचं कारण नाही.”

आजोबा तिथेच, सगळ्यांच्या देखत, पाणी प्याले. ज्या हसण्याला ते जन्मभर भ्यायले, ते हसणं खोलीभर पसरलं होतं आणि छत जागच्या जागी होतं. त्यांनी कागद खाली ठेवला.

“एक सांगतो,” ते म्हणाले. “त्या दिवशी वर्गात कोणी हसलंच नव्हतं. हसतील म्हणून मी आधीच पळालो. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासली. मधमाश्या, गटारं, पूल, दातांचे रोग. कशाकशातलं थोडंथोडं कळलं आणि गंमत वाटली. पण विचारायचं झालं की तोंडाला कुलूप. आणि म्हणून...”

ते थांबले. सवयीप्रमाणे त्यांनी कोणीतरी पुढचं बोलेल म्हणून वाट पाहिली. नातीने तोंड उघडलं, आणि मिटलं. आजीही गप्प राहिली. वाक्य तसंच लोंबकळत होतं आणि ते ज्याचं होतं त्यालाच पुरं करावं लागणार होतं.

“...आणि म्हणून, पोरी, सगळा वर्ग हसत असताना तू खडू हातात धरून उभी होतीस, हे मला फार मोठं वाटतं. मला ते जमलं नाही.”

नातीने दप्तरातून संख्याशास्त्राचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“छान झालं,” शिंपीकाका म्हणाले. “आता पँट घालून बघता का?”

उत्तराचा पहिला मसुदा तीन पानी झाला. विलंबाची कारणं, प्रकृतीचे उल्लेख, पत्रातल्या त्या चुकीची नम्र नोंद. नातीने तो वाचला आणि परत दिला. “त्यांनी विचारलंय, इच्छा आहे का. आहे?”

“आहे. म्हणजे... आहे.”

“मग तेवढंच लिहा.”

सोमवारी सकाळी दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे राहिले. आजोबांनी पाकीट फटीत सरकवलं, दोन बोटांत धरून ठेवलं, आणि सोडलं. आत ते टप्पकन पडल्याचा आवाज आला.

“अगं, थांब. सही केली का मी?” त्यांनी फटीत हात घातला. घड्याळापर्यंत गेला आणि अडकला.

नातीने त्यांचं कोपर धरून हात अलगद सोडवला. “केली. मी पाहिलीय. चला आता, मला पहिलाच तास संख्याशास्त्राचा आहे.”