चार डब्यांचं प्लगइन

"बैलाचा डोया पडला वो, पोरी!"

श्रावणकाका ओरडला आणि हसत हसत शाळेच्या भिंतीला टेकून खालीच बसला. मी पाहते तर काय, खरंच! स्टेन्सिल भिंतीला लावलं, त्यावर काळा रंग थोपटला, उचललं, तर बैलाचा डोळा पांढरा ठेवणारा स्टेन्सिलचा तुकडा खाली मातीत आणि तोंडावर नुसतं मोठ्ठं काळं भगदाड.

"हा बैल हाय का भूत?"

हसू नका बे, ऐका तरी! अख्खा आठवडा खपले होते मी त्या बैलावर.

तुम्हाला श्रावणकाका माहीत नाही ना? आमच्या आंजी गावचा पेंटर, आमच्या मागच्याच घरात राहतो. दुकानांच्या पाट्या, टँकरचे नंबर, सगळं केलं त्याने, पण झेडपीच्या शाळेची पुढची भिंत म्हणजे त्याचा मान. बावीस वर्षं दर सव्वीस जानेवारीला तोच रंगवतो. अन् गेल्या उन्हाळ्यात शिडीवरून पडला, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण ब्रश धरला की हात थरथरतो. आठ महिन्यांत एक पाटी केली नाही. मग कृष्णकांत सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, त्याला बोलावलं. माणूस चांगला आहे, पण सरळ म्हणाले, "श्रावणभाऊ, पंचवीस तारखेपर्यंत भिंत झाली तर तुमची. नाहीतर मी वर्ध्याहून फ्लेक्स आणतो."

आता एकदा फ्लेक्स लागला की पुढच्या वर्षी कोण पेंटरला विचारतं? काका घरी आला आणि रिकामे डबे पुसत बसला. मला बघवेना.

पण मी एक पाहिलं होतं. ब्रश नाही, तरी स्पंजचा बोळा त्याला मुठीत धरता येत होता! आणि स्पंज चालतो म्हणजे स्टेन्सिल चालतं. मी लागलीच लॅपटॉप काढला. फोटो एडिट करायचं ते फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना, त्याला जोडायचं एक प्लगइन लिहायला घेतलं. फोटो टाकायचा, प्लगइन त्याला मोजक्या रंगांत विभागणार आणि एकेका रंगाचं वेगळं स्टेन्सिल काढून देणार. प्रिंट काढायची, दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर चिकटवायची आणि ब्लेडने कापायची. पहिला बैल मी कोणाच्या तरी बरगड्यांतून कापला. देवाशप्पथ!

तर त्या बैलाचा डोळा पडला.

"मधातला तुकडा हवेत राहीन का?" काका म्हणाला. "त्याले कोनाचा तरी हात धरू दे नं."

मी रात्रीतून तसं केलं. प्रत्येक सुट्या तुकड्याला जवळच्या काठाशी जोडणारी एक पट्टी. सकाळी पाहिलं तर बैलाला चष्मा लागला!

"हा बैल मास्तर झाला," काका म्हणाला. "अवं, पट्टी जवळून नको नेऊ. जिथं उजेड हाय, तिथून ने. उजेडात पट्टी दिसतच नाई."

बावीस वर्षांची अक्कल एका वाक्यात! मी प्लगइनला तेच शिकवलं: लांबचा रस्ता घे, पण उजेडाचा घे. बैल एकदम बैल दिसायला लागला.

मग रंग. भिंतीवर 'कापूस ते कापड' अशी सहा चित्रं काढायची होती आणि प्लगइनने बेचाळीस रंग काढून दिले.

"माह्याजवळ चार डबे हायेत, पोरी," काका म्हणाला. "गेरू, पिवया, निया, काया. पांढरी तर भिंतच हाय."

झालं, मी चारही डब्यांचे फोटो काढले आणि प्लगइनला दटावलं, एवढ्यातच भागव. आता ते सांगायला लागलं, हिरव्याला पिवळ्याची तीन झाकणं, निळ्याचं एक. काका खूश! पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या चित्राला फोटो होता देवकाबाईचा. शाळेत खिचडी करते ना, ती. ती पातेलं घासता घासता उठून आली, कमरेवर हात ठेवून भिंतीपुढे उभी राहिली.

"हे कोन गोरीपान बाई वो? माह्या लुगड्यात काऊन आली?"

मी मेले लाजेने! कातडीचे रंग मी नेटवरून तयार उचलले होते, सगळे गुलाबी; प्लगइनने गेरू पातळ करून तेच जुळवले. काकाने गेरूत काळ्याचं एक झाकण ओतलं, चिमूटभर पिवळा टाकला, काडीने ढवळून देवकाबाईच्या मनगटाशी धरला.

"हं," देवकाबाई म्हणाली. "आता मी झाली."

ते माप पण प्लगइनमध्ये गेलं.

पंचवीस तारखेला दुपारी सहाही चित्रं पुरी. पोट्ट्यांची ही गर्दी! तेवढ्यात दुसरीतली एक चिमणी म्हणते, "काका, बैलगाडीवाल्याच्या हातात काईच नाई. बैल पयून जातीन नं!"

बघते तर मूठ रिकामी. कासरा गायब! फार बारीक फट कापली की फिल्म फाटते, म्हणून बारीक रेघा गाळून टाक असं मीच प्लगइनला सांगितलं होतं.

"काका, एक तास दे. मी घरून करून आणते."

भिंत बघायला आलेल्या सरांनी घड्याळ पाहिलं. काकाने मात्र पिशवीतून ब्रश काढला होता. बारीक, एक नंबरचा. उजव्या हातात ब्रश आणि डाव्याने उजवं मनगट गच्च धरलेलं. गाडीवाल्याच्या मुठीपासून त्याने रेघ सुरू केली. ती थरथरत निघाली, खाली उतरली, वर चढली. बैलाच्या वेसणीपर्यंत पोचेस्तोवर एकही पोट्टं हललं नाही.

"श्रावणभाऊ," सर हळूच म्हणाले, "जराशी वाकडी..."

"कासरा हाय, सर. ताठ ओढला का बैल थांबते. चालत्या गाडीचा ढिलाच लोंबते."

आणि खरंच सांगते, तोवर उभी असलेली ती गाडी चालायला लागली होती.

पोट्ट्यांनी जो कल्ला केला! सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. देवकाबाई घेऊन आली, तर काकाने कप डाव्या हाताने घेतला. उजवा पँटीच्या खिशात होता आणि खिसा हलत होता.