केबलला दिलेला निरोप

संध्याकाळी सात वाजता चांदसाहेब दारात दिसला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे सुलाबाईंनी ओळखलं. सात ही त्याच्या बातम्यांची वेळ. गेल्या पंचवीस वर्षांत या वेळेला त्याला कुणी रस्त्यावर पाहिलं नव्हतं.

शिराळ्यात केबल आणली त्यानं, आणि गावच्या बातम्या सुरू केल्या त्याही त्यानंच. केबलच्या महिन्याच्या पैशांतून आणि दुकानदारांच्या जाहिरातींतून पेट्रोल, कॅमेरेवाल्याचा पगार असं भागायचं. कुठल्या वाडीचा पूल खचला, कुठल्या दवाखान्यात डॉक्टर फिरकत नाही, ते तो संध्याकाळी दाखवायचा. सकाळी सरकारी साहेबांची गाडी वाडीत हजर. बातम्यांखाली पट्टी फिरायची. कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी. मयताच्या घरच्यांनी मग फोन करत बसायची गरजच नसे. "केबलला दिलंय," म्हटलं की सगळ्या तालुक्याला निरोप पोचला.

मग घरोघर इंटरनेट आलं. सिनेमे, मालिका, क्रिकेट, सगळं त्यावर. सुलाबाईंच्या मुलानं, जयराजनं, दिवाळीत केबल काढून टाकली. सुलाबाईंनी त्याला अडवलं नाही. जुने सिनेमे हवे तेव्हा लावता येतात, याचा त्यांनाही मोह पडला होता. चांदसाहेब बाजारात दिसला की मात्र त्या नजर चुकवायच्या.

आज तो पायरीवरच टेकला. बातम्या बंद केल्याचं त्यानं सांगितलं. दोन हजार घरांची दीडशे राहिली. जाहिरात तरी कोण देणार? कॅमेरा विकला होता.

"शेवटची पट्टी तुमच्या बनुबाईंची गेली," तो म्हणाला. "काल सकाळी सावडायला मी गेलतो. तुमी दिसला न्हाई, म्हटलं आजारी हाय का काय."

बनू गेली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

चौथीपासूनची मैत्रीण. दोघींचं ठरलं होतं, जी मागं राहील तिनं दुसरीच्या आवडीचं करून रक्षाविसर्जनाला न्यायचं. बनूला शेंगदाण्याची पोळी लागायची, कडेनं जरा करपलेली.

पहाटे उठून त्यांनी पोळ्या केल्या आणि पहिल्या एसटीनं बनूच्या वाडीला गेल्या. तिच्या कृष्णातनं पाया पडून चटई टाकली.

"आई सांगायची, सुला सातच्या बातम्या कवा चुकवत न्हाई. म्हणून फोन न्हाई केला, मावशी," तो म्हणाला. "अकराच माणसं आली. निवदाला कावळा तासभर शिवंना. आई तुमची वाट बघत असंल, असं समदी म्हणत हुती."

केबल काढलीय, हे सुलाबाईंच्या ओठापर्यंत आलं.

"बरं नव्हतं रं मला," त्या म्हणाल्या.

डबा घेऊन त्या बनूच्या फोटोपुढं बसल्या. केबलला दिलेला तोच फोटो कृष्णातनं मोठा करून लावला होता. दोघींनी मिळून काढलेला; त्यातून बनू तेवढी कापून घेतली होती. पण खांद्यावरचा हात काही कापता आला नव्हता. हिरव्या बांगड्यांचा, सुलाबाईंचा.

त्यांनी डबा उघडला आणि करपलेली पोळी वर ठेवली.