मोजणीचा दिवस

श्यामकांतने नवसीच्या वाडग्यात बोट बुडवून खळ काढली, वर्तमानपत्राच्या कात्रणाच्या चारही कोपऱ्यांना लावली आणि लेबल खात्याच्या नोटीसबोर्डावर ते दाबून चिकटवले. मागे सरकून पाहिले. कात्रण थोडे तिरके बसले होते, पण खालचे नाव ठसठशीत दिसत होते: श्यामकांत पुसाळकर, अंबरनाथ.

"काय हाय त्यात?" नवसीने विचारले. तिचे हात थांबले नव्हते. खोकल्याच्या औषधाची बाटली उचलायची, लेबलाला खळ फासायची, ते काचेवर टेकवून अंगठ्याने पुसायचे आणि बाटली ट्रेमध्ये ठेवायची, हे ती बोलता बोलताही करू शकत असे.

"माझं पत्र छापून आलंय. संपादकांना लिहिलं होतं."

"कोनाची तक्रार केली?"

"तक्रार नाही ग. विज्ञानाबद्दल आहे."

नवसीने समाधानाने मान डोलावली. भाऊसाहेब पेपरात लिहितात हे खात्यातल्या छत्तीसजणींना ठाऊक होते. काय लिहितात ते एकीलाही वाचता येत नव्हते, त्यामुळे कौतुकात काही कमी पडत नव्हते.

श्यामकांत या औषधाच्या कारखान्यात टाइमकीपर होता. बायका कधी आल्या, कधी गेल्या हे लिहायचे, एवढेच त्याचे काम. उरलेल्या वेळात तो जगाचा कारभार पाहत असे. अणुभट्टी असो, पंजाबातले धरण असो, आपोआप चालणारे माग असोत, त्याचे मत तयार असे, आणि ते नेहमी यंत्राच्या बाजूचे असे. यंत्र आले की माणूस सुटला, असा त्याचा हिशेब होता. दिवाळीनंतर रशियाने आभाळात कुत्री सोडली, तेव्हा तर जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्या खात्याला अर्धा तास व्याख्यान दिले. बायका भाकरी तोंडात धरून ऐकत राहिल्या. शेवटी नवसीने विचारले,

"मंग तिला खाली कवा आनतील?"

"आणणार नाहीत. ती सोय नाही त्यात."

"तिला ते म्हाईत व्हता का?"

श्यामकांत पोट धरून हसला. घरी जाऊन त्याने ते उमालाही सांगितले. उमा हसली नाही, पण नवऱ्याच्या बऱ्याचशा विनोदांना ती हसत नसे.

आजचे पत्र मात्र अगदी आपल्या दाराशी येऊन ठेपलेल्या विषयावर होते. मुंबईच्या कारखान्यांतून आता स्टॉपवॉच लावून काम मोजतात अशी बातमी होती, आणि युनियनवाल्यांनी त्यावर गिल्ला केला होता. श्यामकांतने त्यांना झोडपून काढले होते. 'घड्याळाला जात नसते, गाव नसते,' त्याने लिहिले होते, 'आणि घड्याळाला घरी कोंबडी नेऊन देता येत नाही.'

कोंबडीचा टोला धाकलू मुकादमाला होता. खात्यातल्या बहुतेक बायका खरवईच्या आसपासच्या वाड्यांवरच्या. पावसाळा लागला की त्या भाताच्या लावणीला जात आणि हजेरीतून त्यांची नावे कटत. भात कापून झाले की परत येत, त्या मुकादमासाठी कोंबडी किंवा नवे तांदूळ घेऊन. कोणाला आत घ्यायचे ते धाकलू ठरवी. नवसी सहा वर्षे कामाला येत होती आणि सहाही वेळा नवी म्हणून लागली होती. यंदा तिच्याकडे न्यायला काही नव्हते, तर त्याने तिला बारा दिवस गेटाबाहेर बसवून ठेवले.

म्हणून आता या कारखान्यातही होणारी ही मोजणी. मॅनेजर गुप्त्यांनी श्यामकांतला शब्द दिला होता की मोजणीत जिचा आकडा चांगला ती कायम, मग मुकादम काहीही म्हणो. कायम झालेलीला लावणीची रजा मिळेल आणि तिचे नाव कटणार नाही. नवसीने हे वाक्य त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतले होते. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून ऐकले.

दुपारच्या चहाला जयदेव आला. तो डिस्पॅचमधला कारकून, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणारा. दहा वर्षांत त्याची मराठी चालू झाली होती, पण तिला हिंदीची काठी लागत असे.

"तुझं पत्र वाचलं, पुसाळकर. एकदम फसक्लास. पन एक बात सांगू? बायकांना बोल, उस दिन आरामसे करा."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कशाला, साईं? रोज करतात तेवढंच."

"रोज त्या किती करतात हे मुळात कोणाला ठाऊक आहे? तेच तर शोधायचंय. मोजमाप खरं निघालं तरच न्याय खरा होईल."

जयदेवने बशीतला चहा फुंकला. "माझ्या बाबांचं दुकान होतं ना, तिकडे सिंधमध्ये. सरकारी लोक आले, सगळं मोजलं, लिहून घेतलं. बाबा त्यांना एक एक कपाट उघडून दाखवत होते. अंधेरा था, तो खुद दिवा धरला."

"मग?"

"मग काय. इकडे आलो."

"जयदेव, ही काही फाळणी नव्हे," श्यामकांत म्हणाला आणि कप विसळायला उठला. या माणसाला प्रत्येक गोष्टीत तेच दिसते, याचा त्याला खरोखर कंटाळा आला होता.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने बायकांना उभे केले. "उद्या मुंबईचे साहेब येणार आहेत. घड्याळ लावून तुमचं काम बघतील. बाहेरचा माणूस आहे. आपल्या खात्याची शोभा करू नका."

एवढेच तो बोलला. पुढे हीच चार वाक्ये त्याला अक्षरन् अक्षर आठवत राहिली.

सकाळी बायका आल्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून. काहींच्या अंबाड्यात अबोली होती. चंद्री नावाच्या एकीने साहेबाच्या स्टुलावर स्वतःचा धुतलेला पंचा अंथरला. साहेब तरुण होता, पांढऱ्या शर्टातला, अबोल. हातात फळी, फळीला घड्याळ अडकवलेले. तो खोलीच्या टोकाला, जरा उंचावर बसला आणि त्याने मान हलवली.

लावणीच्या दिवसांत बांधावर कोणी बघायला उभे राहिले की खाचरातल्या बायका कंबर सरळ करीत नाहीत. पाहुण्यासमोर एकीचीही पात, म्हणजे वाट्याची ओळ, मागे राहणे ही सबंध वाडीची लाज. जी मागे पडेल तिची पात दोन्ही बाजूंच्या ओढून घेतात, आणि ओळ पुढे सरकते ती एकदमच सरकते. या बायकांना बघायला आलेला माणूस म्हणजे बांधावरचा पाहुणा, दुसरे काही त्यांच्या डोक्यातही आले नाही. चंद्रीने हलक्या आवाजात लावणीचे गाणे धरले, छत्तीस तोंडांनी ते उचलले, आणि हात सुटले.

श्यामकांतने असे काम कधी पाहिले नव्हते. काचेवर काच वाजत होती, ट्रे भरून उचलले जात होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हते. त्याचा ऊर भरून आला. मध्येच त्याचे लक्ष सरूकडे गेले. सरू साठीला टेकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. पहिल्या पाव तासातच ती मागे पडली होती. तिच्या शेजारी नवसी होती. नवसी मान न वळवता आपल्या हातची बाटली सरूच्या ट्रेमध्ये ठेवत होती, एक आपली, एक सरूची. प्रत्येक ट्रेला त्या त्या बाईच्या नंबराची चकती होती आणि साहेब चकत्या पाहून आकडे लिहीत होता.

हे साहेबाला सांगावे असे श्यामकांतच्या मनात आले. पण गाणे रंगात आले होते. असल्या सहकार्यावर एक स्वतंत्र पत्र लिहिता येईल, असे त्याला वाटले, आणि तो गप्प राहिला.

तासाभराने साहेबाने घड्याळ दाबले आणि पहिल्यांदाच तोंड उघडले.

"कमाल आहे. रोज एवढं होतं?"

छत्तीसजणी घामेजल्या चेहऱ्यांनी श्यामकांतकडे बघत होत्या. त्याने छाती पुढे काढली.

"रोज, सर."

दोन आठवड्यांनी अहवाल आला. गुप्त्यांनी श्यामकांतला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. एक बाई तासाला बारा डझन बाटल्या करते. आजवर सगळे अंदाजाने सातच डझन धरून चालत. तेव्हा छत्तीसजणींचे काम एकवीसजणींत भागते. पहिल्या एकवीस कायम, बाकीच्या पंधराजणींना आजपासून काम नाही. सरूचा नंबर तिसरा होता. नवसीचा एकोणतिसावा.

श्यामकांतने यादी दोनदा वाचली.

"सर, यात चूक आहे," तो म्हणाला आणि त्याने ट्रेची गोष्ट सांगितली.

गुप्ते वाईट नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला आणि पेन उघडले.

"मग दुरुस्त करू. सरूचं नाव काढतो, नवसीचं घालतो. म्हातारी आज घरी जाईल. करू?"

श्यामकांतने खिडकीकडे पाहिले.

"की मोजणीच चुकली म्हणून वर कळवू? तेही कळवतो. पण रोज एवढं काम होतं हे तुमच्या तोंडचं आहे, पुसाळकर. अहवालात तुमच्या नावासकट आहे. खोटं बोललो म्हणून लिहून द्याल?"

पेनाचे टोक सरूच्या नावावर टेकले होते. घरी उमा होती, दोन मुली होत्या, आणि नोकरीला अकरा वर्षे झाली होती. खिडकीबाहेर जयदेव खोक्यांवर शिक्के मारत होता. श्यामकांतला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की त्याला बसावेसे वाटले, पण बसायला कोणी सांगितले नव्हते.

"राहू द्या, सर," तो म्हणाला.

यादी त्यालाच वाचायला लागली. खात्यात कोणी ओरडले नाही, रडले नाही. सरूने तीन वेळा विचारले, "मी ऱ्हायले? मी?" मग ती आपल्या जागेवर बसली आणि पहिल्या तासात तिने पाच डझन बाटल्या केल्या. तिच्या शेजारी आता चंद्री होती, पण चंद्रीला स्वतःचे बारा डझन भरायचे होते. तिने सरूकडे बघायचे टाळले. आठवडाभर बारा डझन न भरणारीला काढायचे, असा नियम अहवालातच होता. शनिवारी सरूही जाणार, हे तिच्याशिवाय सगळ्यांना कळून चुकले होते.

सुटीचा भोंगा झाला तेव्हा पंधराजणी गेटाबाहेर थांबलेल्या दिसल्या. श्यामकांतने मनाची तयारी केली. त्या शिव्या देतील, निदान एकजण तरी तोंडावर थुंकेल, आणि त्याला ते हवेच होते. नवसी पुढे आली. तिने पदर नीट केला.

"भाऊसायब, एक इचारू? त्या दिशी आमचा काम वाईट झाला का?"

"नाही. चांगलं झालं. फार चांगलं झालं."

"मंग नावं कशी कटली?"

श्यामकांतला चांगलं केलंत म्हणूनच कटली, एवढेच सांगायचे होते. त्याने गेटाची कडी उगाच लावली आणि काढली.

मग नवसीच त्याची अडचण सोडवावी तशी म्हणाली,

"आमाला म्हाईत हाय. सुरवातीला आमी लाजलो. सायब नवा, वर बसून बघत व्हता, हात उघडलाच नाय." तिने मागे वळून पाहिले. बायकांनी माना हलवल्या. "तुमी त्याला अजून येक डाव बोलवा. घड्याल घेऊन येऊ द्या. या बारीला आमी अजून भरभर करू. कोनाला मदत नाय करनार, आपापला करू."

"दुप्पट करू," मागून कोणीतरी म्हणाले.

"हां, दुप्पट. बोलवाल ना?"

त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. चूक आपली, ती सुधारता येईल, असा एक सरळ विश्वास होता, आणि तो त्याच्याकडे बघत होता.

"बोलवतो," श्यामकांत म्हणाला.

बायका खरवईच्या वाटेला लागल्या. थोडे अंतर गेल्यावर त्यांच्यात बोलणे सुरू झाले, कोणी हसलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो कारखान्यापाशी आला, तेव्हा पंधराजणी गेटाला लागून ओळीने बसल्या होत्या. साहेब कधी येईल नेम नाही, म्हणून अंधारातच निघाल्या होत्या.