चौथा कोमल स्वर

दातांच्या डॉक्टरांनी पन्नाशीत पियानो शिकायला घेतला. दोन-चार सोप्या चाली जमल्या न जमल्या तोच त्यांनी एका अवघड पाश्चात्त्य शास्त्रीय रचनेला हात घातला. पियानोच्या बाई म्हणाल्या, "जरा दमानं घ्या." पण ऐकतील ते डॉक्टर कसले. बाई महिनाभर परगावी गेल्या, तेवढ्यात यांनी स्वरलिपीचं पहिलं पान आपलं आपणच बसवायला घेतलं.

दवाखान्यात जाण्याआधी रोज तेच पान, तेच अडखळणं. भिंतीपलीकडे भांडी विसळता विसळता बायको नकळत ती चाल गुणगुणू लागली. लग्नाआधी ती सारखी गुणगुणायची. संसारात ते कधी बंद पडलं, डॉक्टरांच्या लक्षातही आलं नव्हतं.

एका रविवारी मेहुणी आणि साडू जेवायला आले. वाढताना बायको गुणगुणली, तशी मेहुणी हरखली. "किती वर्षांनी ऐकतेय गं तुला."

"पण चाल पार चुकलीय," डॉक्टर म्हणाले. "हिचा कान म्हणजे आनंदीआनंद आहे. थांबा, मूळ रेकॉर्डच ऐकवतो." आणि खरंच ऐकवली. साडू मनापासून हसले. बायकोही कशीबशी हसली. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून नुसता नळाचा आवाज यायचा.

बाई परतल्या. त्यांनी डॉक्टरांचं पान शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पानाच्या सुरुवातीच्या खुणा पाहिल्यात का? चार स्वर कोमल आहेत. तुम्ही तीनच घेताय. चौथा जिथे जिथे येतो, तिथे तिथे चुकलाय."

डॉक्टरांची कानशिलं तापली. महिनाभर बोटं भलतंच वाजवत होती आणि डोक्यात मात्र रेकॉर्ड चालू होती. स्वतःची चूक त्यांना फक्त बायकोच्या तोंडून ऐकू आली होती. तिनं बिचारीनं यांचं वाजवणं जसंच्या तसं उचललं होतं. शरमेनं त्यांना बाईंकडे मान वर करून बघवेना.

बाई गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अगं, चूक माझी होती. तू बरोबर गुणगुणत होतीस."

बायको ओटा पुसत होती. "ताई येणार आहे परवा. तिच्यासमोर सांगाल?"

डॉक्टरांना साडूंचं हसणं आठवलं.

"बघू," ते म्हणाले, आणि स्वतःचा तो आवाज ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं समजल्यासारखी मान हलवली आणि फडकं पिळून वाळत घातलं.