माझी मान बारामतीची

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, एवढं मला खात्रीने सांगता येतं. माझा जन्म कुठे झाला ते मात्र विचारू नका. कोणी म्हणतं अमेरिकेत, कोणी म्हणतं जपानात. एका दुकानदाराने तर मला उलटसुलट फिरवून पाहत सांगितलं होतं, "ही कलकत्त्याची नक्कल आहे. नाव तेवढं साहेबाचं." माझ्या डोक्यावर एक परदेशी नाव आहे. पाठीवरच्या लोखंडी पट्टीवर पाच आकडी नंबर आहे. पण लाकडाला वाचता येत नाही. लोक सांगतील ते मी ऐकते आणि दर वेळी माझा गोंधळ वाढतो.

मला नीट आठवतं ते पुण्यातलं जुन्या वाद्यांचं एक दुकान. १९७१ साली तिथे अप्पा आले. इंदापूरजवळच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते. पंपाचा एक भाग आणायला कारखान्याने त्यांना पुण्याला पाठवलं होतं. तो भाग घेऊन परत जाताना ते काचेसमोर थबकले. संध्याकाळच्या एसटीत पंपाचा भाग त्यांच्या पिशवीत होता आणि मी मांडीवर.

घरी त्यांच्या पत्नी चतुराबाई दारातच उभ्या होत्या.

"ह्ये कसलं तुणतुणं म्हणायचं?"

"तुणतुणं न्हाय, गिटार हाय. करंटवर चालती."

"मंग हात लावला की झटका बसंल का?"

"न्हाय बसत."

तरी पहिला महिनाभर चतुराबाई मला कोरड्या फडक्याने धरूनच उचलत.

अप्पांना पेटी वाजवता येत होती. तिच्यावरून एकेक सूर शोधत ते मला वाजवायला शिकले. मग त्यांनी गायन पार्टी काढली. चतुराबाई गायच्या, अप्पा मला वाजवायचे. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत आम्ही इंदापूर, कन्हेरी, पिंपळी अशी गावं करायचो. मला एका अवजड अ‍ॅम्प्लिफायरला जोडत. त्याच्या आतल्या काचेच्या नळ्या तापल्या की माझा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जाई. पोरं पुढे येऊन विचारत, "ही सतार हाय का?" कोणी मला व्हायोलिन म्हणे, कोणी करंटवरची वीणा. मी कोण हे तेव्हाही कोणालाच माहीत नव्हतं, पण टाळ्या पडत, म्हणून मला त्याचं काही वाटत नसे.

१९७९ साली मोरगावचा कार्यक्रम करून परतताना मी एसटीच्या टपावरून खाली पडले. माझी मान मधोमध मोडली. डोकं तेवढं अखंड राहिलं. दुसऱ्या दिवशी अप्पा मला पोत्यात घालून बारामतीला मोहनराव सुतारांकडे घेऊन गेले. मोहनराव दारं, खिडक्या आणि बैलगाडीची चाकं करत.

"मोहनराव, माणसाची मान आसती तर दवाखान्यात नेली आसती. हिला कुठं नेऊ?"

मोहनरावांनी तुकडे जुळवून पाहिले. "ह्यातलं मला काय बी कळत न्हाय, अप्पा. पर हितं ठिवा. मोजून बघतो."

अकरा दिवस लागले. एका जुन्या सागवानी चौकटीतून त्यांनी माझी नवी मान कोरली. मोडक्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या काढून नव्या मानेवर बसवल्या. अप्पा वाजवून पाहायचे आणि म्हणायचे, "बेसूर." मोहनराव पट्टी उपसायचे, केसभर सरकवायचे, पुन्हा ठोकायचे. शेवटी माझं जुनं डोकं त्यांनी नव्या मानेला असं जोडलं की सांधा बोटालाही लागेना. त्या दिवसापासून मला कळेनासं झालं की मी तीच आहे, की दुसरीच कोणी. अप्पांना असा प्रश्न पडलेला दिसला नाही. त्या रात्री कन्हेरीला कार्यक्रम होता आणि ते तारा लावत बसले होते.

१९९२ साली अप्पा गेले. पार्टी त्यांचा मुलगा बुद्धघोष आणि मुलगी प्रियदर्शनी चालवू लागले. आता लोकांना कीबोर्ड हवा होता. बुद्धघोष तो बारामतीहून भाड्याने आणायचा. ऐन जयंतीत तो मिळायचा नाही आणि ठरलेले कार्यक्रम दुसऱ्या पार्टीकडे जायचे. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकले होते. माझ्या तारा गंजल्या. माझ्यामागे पालीने अंडी घातली. मी रागावले नाही, पण मी इथे कशासाठी आहे ते मला उमगत नव्हतं.

१९९६ साली पुण्याच्या कॅम्पातून डिमेलोसाहेब आले. जुन्या गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर ओळखायचे आणि विकत घ्यायचे, हाच त्यांचा उद्योग होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, तो त्यांनी बाजूला ठेवला. मला मात्र ते उजेडात घेऊन गेले. नंबर वहीत उतरवला. बॅटरीच्या उजेडात आतला डाग पाहिला, म्हणजे वायरी जोडताना लावलेलं कथील. मग आवाज पकडणारी दोन चुंबकं पाहिली आणि त्यांचा श्वास जरा जोरात चालू लागला.

"साठ-बासष्ट सालची असावी. पंचवीस हजार देतो."

बुद्धघोषने बहिणीकडे पाहिलं. तेवढ्या पैशांत स्वतःचा कीबोर्ड आला असता.

"सायेब, जरा थांबा," चतुराबाई म्हणाल्या. "हिची मान मूळची न्हाय."

"आये, तू आत जा बरं. चहाचं बघ," बुद्धघोष घाईने म्हणाला.

"चहा प्रिया बघंल. मी सांगती ते ऐकू दे त्यास्नी."

डिमेलोसाहेब हसले. "मावशी, कंपनीचं नाव तर मानेच्या टोकावरच आहे."

"नाव जुनं हाय. मान मोहनराव सुतारांनी केली. मागं चार स्क्रू हायत, काढून बघा."

त्यांनी स्क्रू काढले. मानेच्या बुंध्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं साहेबांनी मोठ्याने वाचलं, 'मोहन सुतार, बारामती. जुळली.' धडाच्या खाचेत एक पुसट शिक्का होता. साहेबांनी तो भिंगातून पाहिला. आधी एका देशाचं नाव घेतलं, मग दुसऱ्या. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, "मलाही नक्की सांगता येत नाही."

मी चटईवर दोन तुकड्यांत पडले होते. धड इकडे, मान तिकडे. यातली मी कोणती, हे मला ठरवता येईना.

डिमेलोसाहेबांनी विचार करून सांगितलं, "धडाचे आणि नावाच्या तुकड्याचे बारा हजार देतो. नाव करवतीने कापून घेतो. धडाला दुसरी जुनी मान मी मुंबईहून मिळवीन. ही मान तुम्ही ठेवा, नाहीतर बंबात घाला."

"बारा बी चालत्याल," बुद्धघोष म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

प्रियदर्शनी चहा घेऊन दारात उभी होती. चतुराबाईंनी मान उचलली आणि साहेबांपुढे धरली. "आधी जोडा. वाजवून दावा. मंग बोलू."

साहेबांनी मला जोडलं. जीपमधून नव्या तारा आणि एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आणला. चार वर्षांनी माझ्यातून आवाज निघाला. त्यांनी कुठलीशी परदेशी चाल वाजवली. मला ती येत नव्हती, तरी ती माझ्यातूनच येत होती. मध्येच थांबून त्यांनी मानेच्या पाठीवर अंगठा फिरवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं. चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

वाजवणं संपल्यावर चतुराबाईंनी पदराने डोळे पुसले. "तुकडं करून न्यायची न्हाय. न्यायची तर सगळी न्या. हितं गंजण्यापरीस कुठंतरी वाजू दे. पर इकताना कुणाला खोटं सांगू नका."

"अशी घेतली तर मला नऊ हजारच परवडतात, मावशी."

बुद्धघोष अंगणात निघून गेला. मला वाटलं, आता मी पुन्हा खिळ्यावर जाणार. बऱ्याच वेळाने तो आत आला. त्याच्या हातात वाकळ होती.

"नऊ तर नऊ," तो म्हणाला. "पर पावतीवर मोहनरावांचं नाव ल्हिवा. अप्पांचं बी."

साहेबांनी लिहिलं. बुद्धघोषने मला स्वतः वाकळीत गुंडाळलं आणि जीपच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं. टपावर नाही.

आता मी कॅम्पात राहते. डिमेलोसाहेबांनी मला अजून विकलेलं नाही. ते दर रविवारी मला वाजवतात. बुद्धघोषने जुना कीबोर्ड घेतला. त्याच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत, पण यंदा पिंपळीचा कार्यक्रम त्यांनाच मिळाला, असं प्रियदर्शनीने पत्रात कळवलं आहे. इथे येणारे जाणकार मला हातात घेऊन अजून वाद घालतात. मग साहेब ती पावती काढून वाचून दाखवतात. माझ्या जन्माबद्दल तिच्यावर काहीच नाही. मला कोणी वाजवलं आणि मोडल्यावर कोणी जोडलं, एवढंच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू खिळ्याला टांगलेली असेल. तिच्यावरची धूळ पुसा. ती विकायची असेल तर खुशाल विका, पण आधी घरातल्या मोठ्या माणसांजवळ बसा आणि ती कोणी आणली, कोणी दुरुस्त केली, ते विचारून लिहून ठेवा. आम्हा वस्तूंना स्वतःचं काही सांगता येत नाही. चतुराबाई त्या दिवशी गप्प बसल्या असत्या, तर माझी मान कुठली आहे हे इथे कोणालाच कळलं नसतं.