एक ठिपका

नाजनीनने ताटली तिसऱ्यांदा उजेडाकडे धरली. निळ्या रंगात तो पांढरा ठिपका होता तिथेच होता.

सोलापूरच्या या प्रयोगशाळेत तिची आठ वर्षं पेशी वाढवण्यात गेली. एक दिवसाआड त्यांना ताजं द्रावण घालावं लागे, त्यामुळे मोहोळला माहेरीही ती सलग दोन दिवस राहिली नव्हती. आता पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख हिरेमठ सर यांनी शब्द दिला होता, तिसऱ्या चाचणीतही ठिपके शून्य आले की मोकळं करतो. तिला मोकळं करण्याचं पत्र टाइप होऊन खणात पडलं होतं.

विषाणू हर्पिसचा, तापात ओठावर पुटकुळ्या उठवणारा. त्याच्या कवचाच्या एका प्रथिनात सरांनी बदल केला होता. तो पेशीत शिरे, आपल्या नकलाही काढे, पण कवच धड बनत नसे आणि सगळा पसारा आतच अडकून पडे. विषाणू बाहेर पसरून आसपासच्या पेशी मेल्या तरच निळ्या रंगवलेल्या थरात पांढरा ठिपका दिसतो, म्हणून शून्य हवं होतं. दोनदा तसं आलंही. असला लंगडा विषाणू वाढवायला धडकं प्रथिन पुरवणाऱ्या मदतनीस पेशी लागत, आणि त्या नाजनीनच जपत असे. त्यांच्यातूनच एका विषाणूने धडक्या जनुकाचा तुकडा उचलला असणार. म्हणजे विषाणूचा सगळा साठा बाद, नवा करायला पुन्हा तीन महिने. पुणं काही तेवढं थांबणार नव्हतं.

मोजणी तिची. तिने शून्य लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

सर आत आले. तिने ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"एक हाय, सर."

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पिपेटचा ओरखडा असेल की."

सुटकेचं दार त्यांनीच उघडून धरलं होतं. तिला मनापासून हो म्हणायचं होतं.

"ओरखडा न्हाय. कडंच्या पेशी फुगून एकमेकीत मिसळल्यात. तुमीच शिकवलंय की."

"सोमवारी जायचं होतं तुम्हाला."

"व्हय."

खणातलं पत्र खणातच राहिलं. बोलल्याचा तिला लगेच पश्चात्ताप झाला, स्वतःचा रागही आला. पण वहीत तिने एक लिहिलं, खाली सही केली.

मग ताटली उलटी करून मार्करने त्या ठिपक्याभोवती गोल काढला. आत अडकलेल्या इतक्या विषाणूंतून तो एकटा बाहेर पडला होता. तिने हात धुतले, हातमोजे बदलले आणि मदतनीस पेशींना द्रावण घालायला बसली.